सहा कार्डं आणि पाच रिकाम्या जागा: १९०८ च्या एका ब्रिटिश विनोदी पोस्टकार्ड अल्बमचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका काकांचं आहे. मूळचे साताऱ्याकडचे, अख्खी नोकरी कापडगिरण्यांच्या मशिनरीत गेली, सत्तरच्या दशकात इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डजवळ आले आणि गिरण्या बंद पडल्या तरी तिथलेच होऊन राहिले. काकांचं, अल्बम जिचा होता त्या बाईचं, विकणाऱ्याचं, कोणाचंच नाव देत नाहीये, आणि ओळख पटेल असे काही तपशीलही थोडे इकडचे तिकडे केलेत. स्कॅनिंगची हमाली माझ्याकडे होती म्हणून सगळं जवळून बघायला मिळालं.

काका या नादाला लागले ते वेगळ्याच कारणाने. चित्रकार धुरंधरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या माणसांची पोस्टकार्डं काढली होती ना, त्यातलं एखादं इकडे मिळतंय का बघायला ते पोस्टकार्डांच्या एका जत्रेत शिरले, धुरंधर काही मिळाले नाहीत पण विनोदी कार्डांचा गठ्ठा घेऊन घरी आले आणि तेव्हापासून काकूंच्या भाषेत 'घराची रद्दीची वखार' झाली.

विषय नवीन असेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ब्रिटनमध्ये १८९४ पासून खाजगी छापलेल्या कार्डावर अर्ध्या पेनीचं तिकीट लावून पाठवायची मुभा मिळाली, पण मागच्या बाजूला फक्त पत्ता लिहायचा, त्यामुळे मजकूर चित्राच्या कडेला कुठेतरी कोंबावा लागायचा. १९०२ मध्ये मागच्या बाजूचे दोन भाग करायची परवानगी आली, डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता, म्हणजे चित्राला अख्खी बाजू मोकळी, आणि मग जो पूर आला तो महायुद्धापर्यंत ओसरला नाही. चित्रकार म्हणजे टॉम ब्राउन, लान्स थॅकरे, लुई वेन आणि त्याची मांजरं, १९०४ पासून डोनाल्ड मॅकगिल, आणि कार्डं छापणारी होमफर्थची बॅमफर्थ कंपनी, जी काकांच्या घरापासून बसने जाण्याएवढ्या अंतरावर. विषय ठरलेले: बायकोच्या धाकातला नवरा, लॉजची खाष्ट मालकीण, स्वयंपाकिणीच्या मागे (खरं तर तिच्या फडताळातल्या मटणाच्या मागे) लागलेला पोलीस, लाजाळू पाद्री, बंद पडलेली मोटार. बरीचशी कार्डं छापून यायची जर्मनीतून, मागे बारीक अक्षरात 'प्रिंटेड इन सॅक्सनी' असं असतं, आणि १९१४ ला युद्ध लागल्यावर ते थांबलं.

आणि या कार्डांच्या प्रकाशकांचे कागदपत्र फारसे उरलेले नाहीत. राफेल टक ही त्या काळातली केवढी मोठी कंपनी, तिची लंडनची इमारत २९ डिसेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाली, मूळ चित्रं आणि नोंदी सगळं गेलं. छोट्या प्रकाशकांबद्दल तर बोलायलाच नको. त्यामुळे कोणतं कार्ड कधीचं, किती खपलं, कोण घ्यायचं, हे शोधायचं तर बऱ्याचदा हातातलं कार्डच काय तो पुरावा.

काकांनी घेतलेला अल्बम हिरवट करड्या कागदाचा, पानावर चार कार्डं, कोपरे अडकवायला कागदालाच तिरप्या चिरा दिलेल्या. शंभराच्या वर कार्डं आणि बहुतेक एकाच मुलीच्या नावावर आलेली. आधी पत्ता ब्रॅडफर्डजवळच्या बिंग्लीचा, मग इल्कलीचा, दोन्हीकडे मोठी घरं, आणि मजकुरावरून लगेच कळत होतं की ही तिथली मोलकरीण. अर्धा दिवस सुट्टी कधी आहे, नवीन मालकीण कशी आहे, स्वयंपाकीण अजून तशीच का, असले प्रश्न. ऑगस्टमधली बरीच कार्डं मोरकामहून आलेली, कारण ब्रॅडफर्डच्या गिरण्या बोलिंग टाइडच्या सुट्टीला बंद व्हायच्या आणि अर्धं गाव मोरकामला जाऊन पडायचं, त्या गावाला तेव्हा गमतीने समुद्राकाठचं ब्रॅडफर्डच म्हणायचे.

अडचण काय झाली

जत्रेत विकणाऱ्याने अल्बम मांडला होता, पण त्यातली सहा कार्डं आधीच काढून प्लास्टिकच्या पाकिटांत घालून वेगळी ठेवली होती आणि त्यांची किंमत वेगळी. ही सहाही स्त्रियांच्या मताधिकारावरची, म्हणजे सफ्रेजेटांची (मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांची) टिंगल करणारी. काकांनी घासाघीस करून अल्बम आणि सहा कार्डं एकत्र घेतली, पैसे दिले, आणि चहा प्यायला बसतात तोच शेजारच्या टेबलवरचा डीलर येऊन म्हणाला की फक्त ही सहा मला द्या, आणि आकडा सांगितला तो काकांनी सगळ्याला मिळून दिलेल्या पैशांच्या पाऊणपट होता. तो काही लबाड वगैरे नव्हता, भाव खरंच तसा आहे. ही कार्डं पोस्टकार्डवाल्यांना हवी असतात तशी स्त्रियांच्या चळवळीचा अभ्यास करणाऱ्यांनाही हवी असतात, गिऱ्हाईक दुहेरी.

काकांनी एक आठवडा मागून घेतला. माझ्या मते या अख्ख्या प्रकरणातला हाच सगळ्यात चांगला निर्णय, कारण त्या टेबलवर कोणालाच, विकणाऱ्याला, डीलरला किंवा काकांना, त्या सहा कार्डांबद्दल भावापलीकडे काहीही माहीत नव्हतं. मागची बाजू कोणी धड वाचलीच नव्हती.

पर्याय

पहिला सरळ होता, सहा विकून टाकायची, जवळजवळ सगळे पैसे परत आणि बाकीचा अल्बम फुकटात पडल्यासारखा. काकूंचं मत याला होतं आणि त्यात चुकीचं काही नव्हतं, पेन्शनीतून नाद करायचा तर कुठेतरी जमाखर्च बसायला हवा.

दुसरा पर्याय काकांच्या सवयीचा. त्यांचा स्वतःचा संग्रह चित्रकारांप्रमाणे लावलेला आहे, मॅकगिल एका खोक्यात, टॉम ब्राउन दुसऱ्यात, ज्यांच्यावर सही नाही ती विषयाप्रमाणे. म्हणजे अल्बम फोडायचा, कार्डं आपापल्या खोक्यात, आणि रिकामं बाड टाकून द्यायचं. बहुतेक संग्राहक हेच करतात, आणि त्याला कारणही आहे, त्या जुन्या अल्बमचा कागद आम्लयुक्त असतो, कार्डांच्या कडा पिवळ्या पडतात, कोपरे चिरांमध्ये दबून मोडतात.

तिसरा, अल्बम आहे तसा ठेवायचा. चौथा, एखाद्या अभिलेखागाराला द्यायचा.

मी तिसऱ्याच्या बाजूने होतो पण एवढंच म्हटलं की आधी काहीही न हलवता फोटो काढू, मग काय विकायचं ते विका. फोटो काढायला पैसे लागत नाहीत आणि एकदा कार्डं वेगळी झाली की कोणतं कुठे होतं हे परत कधीच कळणार नाही.

काय केलं

प्रत्येक पानाचा वरून फोटो, कार्डं जागेवर असतानाच. मग एकेक कार्ड काढून मागची बाजू स्कॅन, परत त्याच चिरांत. प्रत्येकाला नंबर, पान आणि पानावरची जागा मिळून, कार्डावर काही न लिहिता वेगळ्या वहीत. कंटाळवाणं काम होतं, काका मध्येच एखादा विनोद वाचून हसत बसायचे, पण यातूनच पहिला धक्का मिळाला.

रिकाम्या जागा पाच होत्या. कार्डं सहा.

जिथे कार्ड शंभर वर्षं बसलेलं असतं तिथे अल्बमच्या कागदावर त्याचा आयत उमटलेला असतो, आतला भाग वेगळ्या छटेचा आणि भोवती उन्हाने, धुरळ्याने उडालेला रंग. असे रिकामे आयत एका पानावर चार आणि समोरच्या पानावर एक. बाकी एकही जागा रिकामी नव्हती, पानं फाटलेली नव्हती, शिवण शाबूत होती. मग सहावं कार्ड आलं कुठून?

सहाही कार्डं टेबलवर शेजारी शेजारी लावली. पाचांच्या मागे शिक्का, तिकीट, पत्ता. सहाव्याच्या मागे काहीच नाही, कोरं. नुसतं कोरं असणं हा काही गुन्हा नाही, लोक तेव्हाही न पाठवता अल्बममध्ये लावायला कार्डं घ्यायचे. भिंगाखाली चित्र ठिपक्यांचं दिसलं. पण ठिपके दिसले की नकली असं धरणं बरोबर नाही, त्या काळातही तीन रंगांचं हाफटोन छापायचे, भिंग घेऊन 'ठिपके, म्हणजे रिप्रिंट' असं ठोकून देणारे बरेच भेटतात म्हणून सांगून ठेवतो. निर्णायक ठरला तो नोटा तपासायचा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च. खोलीत अंधार करून सहाही कार्डं उलटी ठेवली, पाच नुसती मळकट तपकिरी दिसली आणि सहावं निळं पांढरं चमकायला लागलं. आपल्याकडे पांढऱ्या शर्टांना टिनोपॉल घालायचे तोच प्रकार कागदाचा आहे, शुभ्र दिसावा म्हणून त्यात रसायन घालतात आणि ही पद्धत साधारण १९५० च्या सुमारास सुरू झाली, त्याआधीच्या कागदात ते असूच शकत नाही. म्हणजे हे सहावं नंतर कधीतरी हौसेखातर छापलेलं पुनर्मुद्रण होतं आणि कोणीतरी अस्सल पाचांच्या पाकिटांत सरकवलं होतं. मुद्दाम की चुकून, ते आम्ही ठरवलं नाही.

डीलरने सहाचा भाव सांगितला होता हे लक्षात घ्या. काकांनी त्याच दिवशी जत्रेत व्यवहार केला असता तर आज त्याच्याशी भांडण चालू असतं.

पुढचा प्रश्न चिकटवलेल्या कार्डांचा. शेवटच्या पानांवर दोन कार्डं चिरांमध्ये न अडकवता कसल्यातरी खळीने डकवलेली होती. काकांच्या ओळखीतल्या एकाने सांगितलं, कोमट पाण्यात बुडवा, सुटतात. सुटतात हो, पण या अल्बममधला निम्मा मजकूर कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेला आहे, दिसायला शिसपेन्सिल पण आत अॅनिलिनचा रंग, पाणी लागलं की जांभळा होऊन पसरतो. मागे काय लिहिलंय हे न बघता कार्ड पाण्यात घालणं म्हणजे मजकूर वाचायच्या आधीच पुसण्याची तयारी. काका दोन दिवस कुरकुरले आणि मग ऐकलं. एका कागद संवर्धकाने त्यातलं एक मिथाइल सेल्युलोजची लगदी लावून हळूहळू खळ मऊ करून सोडवून दिलं. पाठ पूर्ण कोरी निघाली!

जेयू की जेवाय

आता त्या पाच अस्सल कार्डांतलं एक. हे सगळं लिहायचं कारण खरं तर हेच कार्ड.

चित्र नेहमीचंच, मताधिकाराच्या टिंगलीतलं सगळ्यात वापरून गुळगुळीत झालेलं. नवरा एप्रन लावून कपडे धुतोय, टबातून फेस बाहेर, एक पोर जमिनीवर भोकाड पसरून, दुसरं त्याच्या विजारीला लोंबकळतंय, आणि दारात बायको मोठी हॅट घालून सभेला निघालेली. चित्रकाराची सही नाही, प्रकाशकाचं नाव नाही, नुसता एक नंबर आणि 'प्रिंटेड इन सॅक्सनी'. पाठीवर सातव्या एडवर्डचं फिकट हिरवं अर्ध्या पेनीचं तिकीट उलटं लावलेलं, त्यावर शिपलीचा शिक्का. काका उलट्या तिकिटावर फार खूष होते कारण तेव्हा तिकीट कोणत्या कोनात लावलं त्यावरून प्रेमाची सांकेतिक भाषा असायची, तसली भाषा समजावणारी कार्डंसुद्धा निघाली होती. पण हे कार्ड पाठवणाऱ्या याच मैत्रिणीची बाकीची कार्डं काढून बघितली तर तिकिटं कशीही लावलेली, वाकडी, उलटी, आडवी. बाई घाईत असायची एवढाच अर्थ.

मजकूर चार ओळींचा, कॉपिंग पेन्सिलीत. रविवारी आम्ही ग्लेनवर होतो, गर्दीत पाय मोडले, तू असायला हवी होतीस, आणि हे कार्ड स्वयंपाकिणीला दाखवू नकोस. खाली नुसतं 'एन'.

शिपली ग्लेन म्हणजे गावाबाहेरची झाडीची, खडकांची दरी, ब्रॅडफर्डकरांची रविवारी फिरायला जायची हक्काची जागा, वर न्यायला १८९५ पासून छोटी ट्राम. त्यामुळे 'रविवारी ग्लेनवर होतो' याचा सरळ अर्थ सहलीला गेलो होतो. पण ३१ मे १९०८ च्या रविवारी याच ग्लेनवर चळवळीच्या पुढारी पँकहर्स्ट बाईंच्या संघटनेची मताधिकारासाठी प्रचंड सभा झाली होती. म्हणजे हे कार्ड त्या सभेनंतर लगेचचं असेल तर अर्थ एकदम बदलतो: चळवळीची चेष्टा करणारं कार्ड घेऊन त्याच्याच पाठीवर चळवळीच्या सभेला जाऊन आल्याचं कळवलंय, आणि वर स्वयंपाकिणीपासून लपव म्हणून सांगितलंय.

सगळं तारखेवर आलं. शिक्क्यात दिवस २ आणि साल ०८ स्वच्छ होतं. महिन्याची दोन अक्षरं, पहिलं जे, दुसरं अर्धं पुसट. ब्रिटिश शिक्क्यात जून म्हणजे जेयू आणि जुलै म्हणजे जेवाय. काकांनी वहीत आधीच 'जुलै १९०८' लिहून टाकलं होतं कारण नुसत्या डोळ्यांना ते वायसारखं दिसत होतं. २ जुलै गुरुवार येतो, त्याआधीचा रविवार २८ जून, म्हणजे साधी सहल. २ जून मंगळवार, आदला रविवार ३१ मे.

कार्ड मोठ्या रिझोल्यूशनला रंगीत स्कॅन केलं आणि रंगांचे चॅनल वेगळे करून फक्त हिरवा बघितला. हिरव्या चॅनलमध्ये हिरवं तिकीट जवळजवळ पांढरं होऊन जातं आणि काळी शाई तेवढी उरते. अक्षराचा वरचा भाग स्पष्ट झाला, दोन दांड्या, पण खालचा भाग तिकिटाच्या दातेरी कडेवर पडल्यामुळे शाईच धड उमटलेली नव्हती. नुसत्या त्यावरून मी पैज लावली नसती.

मग अल्बम कामाला आला. त्याच मैत्रिणीचं, त्याच शिपलीच्या टपालातून आलेलं, त्याच वर्षातल्या जुलैच्या मधल्या तारखेचं एक कार्ड सात पानं पुढे होतं, मांजरांचं, बाजारभावाने अगदीच किरकोळ. त्यावरचा जेवाय खणखणीत. दोन्ही शिक्के एकावर एक ठेवून बघितले. वायच्या फांद्या अक्षराच्या मध्यावर एकत्र येतात. आपल्या कार्डावरच्या दांड्या मध्याच्या बऱ्याच खाली गेल्या तरी समांतरच होत्या. यू.

अल्बम फोडून कार्डं खोक्यांत गेली असती तर सफ्रेजेट कार्ड डीलरकडे आणि मांजरांचं कार्ड लुई वेनच्या नकलांच्या खोक्यात तळाला. दोन्ही शेजारी ठेवायचं कोणाच्या डोक्यातही आलं नसतं.

किती बोलायचं

काका हवेत. म्हणाले, "अरे म्हणजे आपली बाई चळवळीत होती!" इथे आमची जरा वादावादी झाली. बाई म्हणजे जिला कार्ड आलं ती; ती तर सभेला नव्हतीच, 'तू असायला हवी होतीस' असंच लिहिलंय. आणि एन तरी चळवळीत होती कशावरून? अशा सभांना हौशे नवशे गवशे सगळेच यायचे, टवाळी करायला येणारेही कमी नसत. आम्ही शेवटी नोंद अशी केली: पाठवणारी ३१ मे १९०८ ला ग्लेनवर गर्दीत होती, ते सभेच्या संदर्भातलं असण्याची दाट शक्यता, तिचं मत काय होतं ते कार्डावरून कळत नाही. काकांना हे फारच सपक वाटलं. मला मात्र कार्ड तिने का निवडलं हा प्रश्न उघडा राहिलेलाच जास्त आवडतो, कदाचित दुकानात त्या विषयावरचं तेवढंच कार्ड मिळत असेल, कदाचित मुद्दाम, कदाचित मालकिणीच्या नजरेला पडलं तरी टिंगलच दिसावी म्हणून.

ज्या मुलीचा अल्बम, ती १९११ च्या जनगणनेत सापडली. २ एप्रिल १९११ च्या रात्री इल्कलीच्या त्याच घरात, नाव जुळलं, पत्ता जुळला, काम घरगुती नोकर, वय चोविशीतलं, जन्म कीथलीचा. एनचा शोध सोडून दिला. एका अक्षरावरून शिपलीत माणूस शोधायचा म्हणजे आपल्याला हवी ती बाई शोधून काढण्यासारखं झालं असतं, आणि एकदा तसं नाव लिहिलं की पुढचे लोक तेच खरं धरून चालतात.

काही पानांवर वर्णावरून केलेले ओंगळ विनोद होते, काका म्हणाले हे कशाला स्कॅन करायचं. केलं. तिच्याकडे आलं होतं, तिने लावलं होतं.

मग लोकांसमोर ठेवायचा प्रश्न. टॉम ब्राउन १९१० मध्ये वारले, त्यांच्या चित्रांना आता अडचण नाही. मॅकगिल १९६२ मध्ये गेले, ब्रिटनमध्ये मृत्यूनंतर सत्तर वर्षं कॉपीराइट, म्हणजे २०३२ संपेपर्यंत त्यांची कार्डं बिनधास्त टाकता येत नाहीत. आणि बहुतेकांच्या ध्यानात न येणारी गोष्ट म्हणजे पाठीवरचा मजकूर, तोही कोणाचंतरी लिखाण आहे आणि जुन्या अप्रकाशित लिखाणाला तिथे २०३९ च्या अखेरपर्यंत संरक्षण असू शकतं. काकांना पुस्तिका काढायची होती, ती सध्या चित्रांच्या छोट्या नमुन्यांवर आणि आमच्या शब्दांत सांगितलेल्या मजकुरावर अडकली आहे.

निष्पत्ती

डीलरला नाही म्हणून कळवलं, सहावं कार्ड नकली आहे हेही सांगितलं, त्यावर तो बिचारा आभारच मानत बसला. पाच कार्डं आपापल्या जागी परत गेली, कोणतं कुठल्या आयतात बसत होतं ते कडांचे डाग जुळवून ठरवलं, त्यातल्या दोनांबद्दल मी शंभर टक्के सांगू शकत नाही. पानांच्या मध्ये आम्लविरहित कागद घातला. पुनर्मुद्रण वेगळ्या पाकिटात, वर स्पष्ट चिठ्ठी, अल्बमच्याच खोक्यात. स्थानिक अभिलेखागाराने सगळे स्कॅन आणि नोंदी घेतल्या, मूळ अल्बम काकांकडे.

पैशाच्या हिशोबात काका तोट्यात. काकूंनी ते मला दोनदा ऐकवलं.

काय वेगळं करता आलं असतं

विकणाऱ्याला तिथल्या तिथे विचारायला हवं होतं की ही सहा कार्डं तू कुठल्या पानांवरून काढलीस. त्याला त्या दिवशी आठवलं असतं. नंतर फोन केला तेव्हा त्याने मधल्या काळात बरेच अल्बम फोडले होते आणि त्याला काही सांगता येईना. अल्बम विकत घ्यायच्या आधी रिकाम्या जागा मोजायच्या आणि सुटी कार्डं मोजायची, मिनिटभराचं काम.

काकांच्या वहीत 'साल' असा एकच रकाना होता, त्याने बराच घोळ घातला. कार्डाला निदान तीन तारखा असतात, चित्र काढलं ती, छापलं ती आणि टाकलं ती. अल्बममध्येच उदाहरण आहे: डायबोलोच्या (दोरीवर भिरभिरं नाचवायच्या) खेळावरचं कार्ड, ते खूळ १९०७ चं, मागे 'प्रिंटेड इन सॅक्सनी', आणि तिकीट पाचव्या जॉर्जचं, म्हणजे १९११ च्या जूनच्या पुढे कधीतरी टाकलेलं. दुकानात किंवा कोणाच्या ड्रॉवरमध्ये चारेक वर्षं पडून असणार. काकांनी त्याला शिक्क्यावरून '१९१२' लिहिलं होतं, आणि त्यावरून कोणी म्हणालं असतं की डायबोलो १९१२ लाही जोरात होतं, की झालं. मालकिणीने मोलकरणीच्या विम्याची तिकिटं चाटून चिकटवायची यावरचे विनोद मात्र विम्याच्या कायद्यामुळे १९११ च्या आधीचे असूच शकत नाहीत, तिथे चित्रच तारीख सांगतं. आता वहीत तीन रकाने आहेत आणि माहीत नसेल तो रिकामा ठेवायचा असं ठरलंय. तिकिटाच्या किमतीचीही नोंद आता ठेवतो, कारण ३ जून १९१८ ला देशातल्या देशात कार्डाचा दर अर्ध्या पेनीवरून एक पेनी झाला आणि शिक्का अजिबात वाचता आला नाही तरी तेवढ्यावरून त्या तारखेच्या आधीचं की नंतरचं हा अंदाज येतो.

शिक्क्याचं वाचन एकाने करून वहीत लिहिणं आणि दुसऱ्याने तेच बघून 'हो' म्हणणं हेही टाळायला हवं होतं. काकांचा 'जुलै' वाचल्यावर मलाही सुरुवातीला वायच दिसत होता. आता शंकेचे शिक्के दोघं वेगवेगळे वाचतो आणि मग ताडून बघतो.

संवर्धकाकडे दोन्ही कार्डं एकदम न देता एकच दिलं ते बरं झालं असं मला वाटतं, काकांना वाटतं दोन्ही द्यायला हवी होती. दुसऱ्या चिकटवलेल्या कार्डाच्या कडेला उजेडात धरलं की मागच्या शाईची जांभळी झाक दिसते, म्हणजे तिथे काहीतरी लिहिलेलं नक्की आहे. ते सोडवायला येणारा खर्च काकूंना अजून सांगितलेला नाही.